अमृतसरची पंगत

अमृतसरला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाला "काय काय पाहिलेत?" म्हणून विचारावे. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग, वाघा सरहद्दीवरची ती पाय आपटण्याची कवाईत आणि मग कुलचे, लस्सी, फुलकारीच्या ओढण्या असा क्रम ठरलेला. लंगरचाही उल्लेख होतो, पण कसा? "तिथे फुकट जेवायला मिळते हो, आणि चव काय विचारू नका!"

आम्ही उभयता मुंबईहून निघालो ते पूर्वीच्या फ्रंटियर मेलने. १९२८ साली सुरू झालेली ही गाडी फाळणीपूर्वी थेट पेशावरला जाई. आता ती अमृतसरलाच थांबते, आणि १९९६ पासून तिचे नावही गोल्डन टेंपल मेल झाले आहे. एक अख्खा दिवस आणि वर काही तास बसून अंग आंबून गेले. पण पहाटेच्या काळोखात सरोवराच्या पाण्यावर ते सोनेरी मंदिर तरंगताना दिसले आणि प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला. त्या शोभेचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. मला सांगायचे आहे ते जेवणाबद्दल.

दर्शन झाल्यावर सौ. लंगरच्या पायरीशी अडली. "अहो, आपण कशाला इथे जेवायचे? आपल्याला देवाने दिले आहे. उगीच कुणा गरिबाच्या तोंडचा घास!" बोलणे मराठीत होते, पण शेजारी जोडे सांभाळणाऱ्या वृद्ध सरदारजींना सूर कळला असावा. त्यांनी मला विचारून अर्थ समजून घेतला, नि तिला म्हणाले, "बहेनजी, तुमच्यासारखे बसले नाहीत, तर जो बसेल तो भिकारी ठरेल." एवढे बोलून ते पुन्हा जोड्यांकडे वळले. सौ. मुकाट्याने माझ्यापुढे चालू लागली.

आत शिरताना हातात थाळी, वाटी, चमचा मिळतो. लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या. ज्याला जिथे जागा येईल तिथे त्याने मांडी घालायची. माझ्या उजवीकडे बँकेतले वाटावेत असे गृहस्थ होते, डावीकडे पायाला चिखल लागलेला रिक्षावाला. डाळ आली, भाजी आली, खीर आली. ताटात पडत नाही ती एकटी रोटी. तिला तिथे परशादा म्हणतात, आणि ती दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केल्याशिवाय मिळत नाही. बँकवाल्यानेही हात पसरले, रिक्षावाल्यानेही, आणि मीही. हात पसरणे हा शब्दप्रयोग आपल्याकडे कुठल्या अर्थाने रूढ आहे ते वाचकांना सांगायला नको.

साध्या दिवशी इथे पन्नास हजारांच्या आसपास माणसे जेवतात. सणावारी हा आकडा लाखावर जातो. दिवसरात्र चूल विझत नाही. पुरुषभर रुंदीच्या कढयांत डाळ शिजते, रोट्या लाटायला आणि भाजायला यंत्रेही आहेत. पण यंत्राच्या शेजारीच बायका घोळका करून हातानेही लाटत असतात, आणि त्यांच्या गप्पांचा आवाज यंत्राहून मोठा. व्यवस्था शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीची, म्हणजे १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेची. पैसा येतो तो भाविकांच्या दसवंधातून. उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यावा, अशी शिखांची शिकवण आहे. गंमत अशी की, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा लंगरच्या तुपा-साखरेलाही तो लागू झाला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने आपला वाटा परत देण्याची योजना काढली. भुकेल्याच्या खिरीतून महसूल काढणे सरकारलाही बरे दिसले नसावे.

ही प्रथा गुरू नानकांपासूनची. व्यापारासाठी वडिलांनी दिलेले वीस रुपये त्यांनी भुकेल्या साधूंना जेवू घालण्यात खर्च केले आणि हाच खरा सौदा म्हणून सांगितले, अशी कथा आहे. दुसऱ्या गुरूंच्या पत्नी माता खीवी यांच्या तुपाळ खिरीचा उल्लेख तर प्रत्यक्ष गुरु ग्रंथसाहिबात आहे. स्वयंपाकघरातल्या बाईला धर्मग्रंथात जागा मिळाल्याचे ऐकून सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ मी विचारला नाही. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला नियमच घातला, आधी पंगत, मग भेट. खुद्द अकबर बादशहाही त्या पंगतीत बसल्यावरच गुरूंना भेटू शकला, असे परंपरा सांगते.

पंगत! शब्द आपलाच; पण आपल्याकडे त्याला लागून पंक्तिभेद आला, पंक्तिप्रपंच आला, कुणाचे पान कुठे मांडायचे याचे शास्त्र आले. श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढणारे नाथ आपल्याकडेही झाले, दुष्काळात बादशाही कोठारे लुटवणारे दामाजीपंत झाले. आपण त्यांची कीर्तने केली. पंजाबने पंगत रोजची करून टाकली. त्या ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे मी हॉटेलच्या नोकराला अभिमानाने सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "भगत नामदेवजी? वो तो हमारे घुमानवाले!" २०१५ साली साहित्यसंमेलन त्याच घुमानला भरले होते, हे सांगून मी कसाबसा आपला हक्क शाबूत ठेवला.

माझे वडील पुण्यात वार लावून शिकले. सात दिवसांची सात घरे. सोमवारच्या काकू कढत भात वाढीत, शनिवारच्या घरी लाडूही मिळे. गुरुवारचे घर मात्र निराळे होते. सगळ्यांची जेवणे आटोपली की ओटीवर पान मांडायचे, आणि वाढण्याआधी विचारायचे, "या खेपेला कितवा नंबर?" उपाशी कुणी ठेवले नाही. वडील जन्मभर गुरुवारी उपास करीत. दत्ताचा उपास म्हणून आम्हीही कधी चौकशी केली नाही. त्यांच्या मागे आईने एकदा सांगितले, "दत्ताचा कसला? त्या घराचा." अमृतसरच्या पट्टीवर बसून डाळीत रोटी बुडवताना मला हे आठवले, आणि घास गिळायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पिंगळवाडा पाहिला. भगत पूरनसिंग (१९०४–१९९२) यांची ही संस्था. १९३४ साली लाहोरच्या डेरासाहेब गुरुद्वाऱ्याशी कुणी एक लुळे, मुके मूल टाकून गेले. पूरनसिंगांनी ते उचलले आणि चौदा वर्षे पाठीवर वागवले. फाळणीत निर्वासित होऊन अमृतसरला आले तेही त्याला पाठीवर घेऊनच. छावणीत ज्यांना कुणी नव्हते, अशा आजाऱ्यांची ते शुश्रूषा करू लागले, आणि त्यांच्यासाठी घरोघर फिरून रोट्या मागून आणू लागले. आपल्या शब्दांत सांगायचे, तर माधुकरीच. फरक इतकाच, की झोळी दुसऱ्यांसाठी होती. आज तिथे शेकडो निराधार, अपंग, मनोरुग्ण राहतात. आम्ही गेलो तेव्हा एक मुलगी सौ.चा पदर धरून बसली, ती निघताना सुटेना. त्याविषयी अधिक लिहिणे मला जमणार नाही.

संध्याकाळी पुन्हा लंगरला गेलो. या खेपेला माझ्याशेजारी बिहारकडचे एक आजोबा होते. नातवाचा पाय मोडला म्हणून इथल्या इस्पितळात आणलेला. मुलगा त्याच्या उशाशी, आणि आजोबा अकरा दिवस दोन्ही वेळ या पट्टीवर. मी विचारले, "कुणी काही म्हणत नाही?" ते म्हणाले, "बाबूजी, यहाँ नाम भी नहीं पूछते." नातवासाठी दोन रोट्या त्यांनी फडक्यात बांधून घेतल्या. वाढणाऱ्या पोराने ते पाहिले आणि तिसरी आणून दिली.

जेवण झाल्यावर थाळ्या धुण्याच्या जागेपाशी आलो. तो खणखणाट ऐकल्याशिवाय कळायचा नाही. हजारो थाळ्या एकाच वेळी हौदात पडत असतात. ओळीत डॉक्टर होते, कॉलेजच्या मुली होत्या, हातात सोन्याच्या बांगड्या असलेल्या आजीबाई होत्या. सौ.ने कधीच पदर खोचला होता आणि ती दोघींच्या मधे घुसून उभीही राहिली होती. मी जागा शोधत होतो. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली. बाह्या कोपरापर्यंत सारलेले ते आजोबा. रोट्यांचे फडके कमरेला नीट बांधलेले. ते थोडे सरकले, हातातला साबणाचा चोथा अर्धा तोडून मला दिला, आणि म्हणाले, "जल्दी कीजिए बाबूजी, पीछे बहुत आ रही हैं."