ताबा जमिनीचा असतो

पुणे, रविवार

चि. बाळ यास,


तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘आत्या, छोटीचा ताबा मला कसा मिळेल?’ हे चार वेळा लिहिलंयस. ती जेवते का, रात्री नीट झोपते का, यावर एक ओळ नाही. म्हणून वकिलाआधी मीच लिहिते.

‘बाप या नात्याने मी नैसर्गिक पालक आहे,’ असं तू ठणकावलंयस. १९५६ च्या पालकत्व कायद्यात बापाचं नाव पहिलं आहे, खरं. पण पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, हेही त्याच कलमात आहे आणि छोटी चार वर्षांची आहे. शिवाय १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की, बाप हयात असतानाही आई पालक ठरू शकते. शेवटी न्यायाधीश बघतात ते मुलाचं हित. तुझा हक्क किंवा सूनबाईंचा राग त्यानंतर.

दावा लागला की आधी तुम्हा दोघांना समुपदेशकाकडे पाठवतील. समेटाचा प्रयत्न न्यायालयाने आधी करायचा, असं १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदाच सांगतो. समुपदेशकाच्या त्या खोलीत मी बरीच वर्षं काढली. एकदा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, “मला बाबांकडे नाही जायचं, ते खावटी देत नाहीत.” मी विचारलं, “खावटी म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “खाऊ.” पढवलेलं मूल असं ओळखू येतं. वहिनींना सांग, नातीला काही शिकवू नका.

समजुतीनं वेगळं व्हायचं असेल, तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब आहे. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते. पण त्यासाठी इतर अटींबरोबर मुलांचा आणि पोटगीचा प्रश्नही खरोखर मिटलेला असावा लागतो. म्हणजे घाई असेल, तरी वाट छोटीवरूनच जाते.

तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी दोघं बसा आणि कागदावर लिहा: शनिवार-रविवार कुणाकडे, गणपतीत कुठे, मे महिन्याची सुटी कशी वाटायची, फी कोण भरणार, ताप आला तर फोन कुणी कुणाला करायचा. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. मूल वाढतं, गरजा बदलतात, तसा तो न्यायालयाकडून बदलून घेता येतो. जमिनीचा ताबा एकदा घेतला की कुंपण घालून निवांत बसता येतं. लेकरापाशी रोज जावं लागतं.

उत्तर पाठवशील तेव्हा सगळ्यात आधी छोटीच्या बालवाडीतल्या बाईंचं नाव लिही. ठाऊक नसेल, तर सूनबाईंना विचार. बोलायला तेवढं निमित्त पुरे.

तुझी,
आत्या