कुठे दुखतंय?

लोकल विक्रोळीला थांबली की मला एक म्हाताऱ्या बाई आठवतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. लिलियन कार्टर. गाव अमेरिकेतल्या जॉर्जियातलं प्लेन्स, पेशा नर्सचा, नवऱ्याला जाऊन तेरा वर्षं झालेली. आपल्याकडे या वयात काशीयात्रेच्या गोष्टी निघतात. बाईंनी पीस कोअरचा अर्ज भरला. केनेडींनी १९६१ मध्ये ही संस्था काढली. दोनेक वर्षं परमुलखात राहायचं, तिथल्यांच्यात मिसळून काम करायचं. १९६६ मध्ये, ६८ वर्षांच्या लिलियनबाई इथे विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीत येऊन राहिल्या.

मराठीचे धडे त्या तिकडेच गिरवून आल्या होत्या. पण वर्गात शिकवतात ते ‘तुमचं नाव काय?’ दवाखान्यात कुणी नाव सांगायला येत नाही. कुणाचं डोकं ठणकतं, कुणाची दाढ ठसठसते. पाठीत उसण भरते, पोटात कळ येते, जखम चुरचुरते, डोळ्यात खुपतं. शिवाय ‘कसंतरीच होतंय’ आहेच. त्यावर कुठल्याही देशातल्या नर्सने काय करावं?

आधी त्यांना कुटुंबनियोजनाच्या कामाला जुंपलं होतं. परक्या बाईने दुसऱ्याच्या घरातल्या पाळण्याविषयी बोलायचं! त्यात जीव रमेना. दवाखान्यात हात ओळखीच्या कामाला लागले. पण महारोगी समोर आला तेव्हा मुरलेली ही नर्सही धास्तावली. भीती गेली, पण सावकाश. आणि ती वाटल्याचं त्यांनी लपवलं नाही, हे मला त्यांच्या धाडसापेक्षाही मोठं वाटतं.

प्लेन्स म्हणजे भुईमुगाचा मुलूख; कार्टरांचा धंदाच शेंगांचा. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट बाईंनी ओळखलं असेल का? इतकं लांब यावं आणि पानात घरचंच पीक भेटावं, तेही वेश पालटून.

त्यांचा जन्म १८९८ चा, तारीख १५ ऑगस्ट. म्हणजे १९६८ साली, विक्रोळीतली पोरं इस्त्रीचे कपडे घालून झेंडावंदनाला निघाली असतील, त्या दिवशी बाईंना सत्तर पूर्ण झाली. त्याच वर्षी त्या परतल्या. पुढे १९७७ मध्ये मुलगा जिमी राष्ट्राध्यक्ष झाला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. माझं मन अडतं ते भलत्याच ठिकाणी. प्लेन्सच्या घरी, एखाद्या थंडीच्या रात्री गुडघा ठणकायला लागला, तेव्हा लेकीसुनांना ते सांगायला बाईंना इंग्रजी पुरलं असेल?