बेट

बेट म्हटलं की शहरातल्या माणसाला समुद्र आठवतो. आमच्याकडं समुद्र कुठला? आमचं बेट मांजरेत होतं. निलंगा तालुक्यात, आमच्या शिवाराला लागून नदी दोन धारांनी फुटायची अन् खाली जाऊन पुन्हा एक व्हायची. मधी दीड-दोन एकराचा तुकडा. त्यावर जांभळं, करंज, सिंदी, एक जुना उंबर आणि कडेनं बांबू. बांबूच्या जाळीलाही आपण बेटच म्हणतो. म्हणून लहानपणी मला वाटायचं, झाडं आहेत म्हणून हे बेट. पाण्याचा काही संबंध नाही.

उंबराखाली शेंदूर फासलेले सात दगड होते. सात आसरा. आजा म्हणायचा, "बेटावर कुऱ्हाड न्यायची न्हाई. आसरा धरत्यात." वाळलेली काटकी वेचली तर चालायचं, ओल्या फांदीला कुणी हात लावत नव्हतं. उंबरं पिकली की पाखरांचा बाजार भरायचा. टिटवी वाळूतच अंडी घालायची. आम्हाला भीती तेवढी कळायची, तिच्यामागचं शहाणपण कळत नव्हतं.

ते कळलं 72 च्या दुष्काळात. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. विहिरी आटल्या, नदीची धार बंद झाली. पण बेटाच्या कडेला वाळूत हात-दोन हात खड्डा केला की झिरा लागायचा. माय वाटीनं पाणी भरायची. एक घागर भरायला तास जायचा, पण भरायची. झाडांची मुळं वाळू धरून होती अन् वाळू पाणी धरून होती. गावानं तो उन्हाळा त्या झिऱ्यांवर काढला.

आता जे सांगायचं ते सांगतो. 2004 साली थोरल्या लेकीचं लग्न निघालं. दोन वर्षं पीक धड नव्हतं. बेटाची एक बाजू आमच्या सातबाऱ्यावर होती. मी जांभळं अन् करंज विकले. उंबर ठेवला, तोही भीतीनंच. झाडं गेल्यावर वाळूवाले आले. त्यांना नदीत उतरायला रस्ता पाहिजे होता. मी माझ्या रानातून दिला, खेपेमागं पैसे घेऊन. तीन-चार वर्षांत पात्र खरडून निघालं. एका पुरात उंबर आडवा झाला. बायको म्हणाली, "आवं, देव तरी उचला." शेवटी तिनंच पदरात दगड आणून बांधावर ठेवले. सातातले पाचच सापडले.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती गाडी टीव्हीवर पाहिली. त्याच आठवड्यात मी फावडं घेऊन नदीत गेलो. म्हटलं, झिरा काढून बघावा. दोन हातांवर फावडं खणकन वाजलं. खाली खडक. वाळूच नव्हती, झिरा कुठला लागणार? गाडी कमी पावसानं आली, हे खरंच आहे. पण 72 ला पाऊस काय जास्त होता?

मग 2020 चा फेब्रुवारी. बीडजवळ पालवणला झाडांचं संमेलन आहे, अध्यक्ष वडाचं झाड, असं पेपरात वाचलं. मी हसलो. तरी गावातल्या एकाला घेऊन एसटीनं गेलो, कारण बोलावणारा होता सयाजी शिंदे. 'शूल'मधला बच्चू यादव. साताऱ्याकडच्या वेळे कामथीचा शेतकऱ्याचा पोर. त्यानं आईच्या वजनाइतक्या बिया तोलून घेतल्या अन् त्या पेरायचं मनावर घेतलं. लेखक अरविंद जगताप, वन खातं अन् गावोगावची माणसं धरून पालवणच्या उघड्या डोंगरावर 'सह्याद्री देवराई' उभी केली. झाडं आपली देशी.

तिथं वडाचा मान बघून आधी मला तमाशा वाटला. मग ध्यानात आलं, आमच्या वाडवडिलांनी तरी दुसरं काय केलं? दगडाला शेंदूर फासला अन् त्यात आसरा उभ्या केल्या. तेही सोंगच होतं, पण त्यानं शंभर वर्षं कुऱ्हाड थांबवली. आमच्या पिढीची भीती गेली अन् तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. कलावंत मोकळ्या जागेत नवं काही मांडून बघतो. महानोरांनी सीताफळाच्या वाणाला लताबाईंचं नाव देऊन लताफळ केलं, तेही त्यातलंच. नाव दिलं, मान दिला की हात जरा अडखळतो.

डोंगरावरनं खाली बघितलं. चारी बाजूंनी उघडे माळ, मोकळी रानं. मधी एवढीच हिरवळ. म्हटलं, हे तर बेटच! समुद्र आपल्या सोयाबीनचा, फवाऱ्याचा. ससा, साप, पाखरू, कुणी त्यातून बाहेर पडलं तर जाणार कुठं?

शंकाही आली. संमेलन दोन दिवसांचं, वणवा दर उन्हाळ्याचा. नट टाळ्या घेऊन जाईल. एप्रिलात पाणी कोण घालणार? ते काम नटाचं नाहीच. ते ज्याच्या शिवारात झाड आहे त्याचं.

परत येऊन बांधालगत अर्धा एकर सोडला. साठ रोपं लावली. उंबर, करंज, जांभूळ. बायकोनं अन् मी दोन उन्हाळे डोक्यावरनं पाणी घातलं. तेवीस जगली. पाच दगड उंबराखाली ठेवलेत. परवा तिथं सुगरण खोपा विणताना दिसली. नदी मात्र तशीच खडकाळ आहे. वाळू काही माझ्या हयातीत यायची नाही.

नातू विचारतो, "आबा, हे नदीत न्हाई, मग ह्याला बेट का म्हणायलाव?" मी म्हणतो, नदीतलं पुरात गेलं. पूर आला होता हे खरं. पण पुराच्या आधी रस्ता कुणी दिला, हे त्याला सांगायचं धाडस अजून झालं नाही. तो आता वाचायला शिकलाय. म्हणून इथं लिहून ठेवलं.