मरळीची पिले

मुंबई ज्या शहरापासून रेल्वेने ८०० किलोमीटरांहून अधिक दूर, त्या नागपुरात वाढलेल्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे समुद्रातील मासे पाहण्यात घालवावीत, याचे नवल अनेकांना वाटते. मला वाटत नाही, कारण त्या अभ्यासाचा प्रारंभ समुद्रावर झालाच नव्हता. साकोली तहसिलीतील आमच्या आजोळी, जेथे मालगुजारी १९५१ सालीच संपुष्टात आली असली तरी तिचे कागद आजोबांच्या दप्तरात लाल फडक्यात बांधलेले असत, तेथील जुन्या तलावाच्या पाळीवर एका वृद्ध ढिवराने आषाढातल्या सकाळी माझा दंड धरून मला थांबविले आणि हलकेच म्हटले, "बापू, सावली पाण्यावर पडू देऊ नको."

मी निश्चल उभा राहिलो. सुपाएवढ्या जागेत शेंदरी-तांबूस पिलांचा एक थवा उकळत्या आधणासारखा पृष्ठभागाशी खदखदत होता. आणि काही वेळाने त्याच्याखालून सापाच्या डोक्याचा एक काळसर मासा वर आला, हवेचा घोट घेऊन पुन्हा आपल्या पहाऱ्यावर गेला. ती मरळ. जवळ सरकणाऱ्या बेडकावर तिने घातलेली झडप मला अजून दिसते.

पुढे नागपुरातच विज्ञानाची पदवी झाली. तेथे मासे फॉर्मॅलिनच्या बरण्यांत भेटले. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही.

ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात सागरी जीवशास्त्र शिकावयास गेलो, तेव्हा सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेल्या तेथील प्रवाळभित्तीच्या वैभवाने मी प्रथम गोंधळून गेलो. पाण्याखाली टेप अंथरून, प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने माशांची हजेरी घेत असताना प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपटमाशांचा करकर आवाज कानी येई, आणि रंगांच्या त्या गर्दीत एकही ओळखीचा चेहरा नसल्याची खंत मनाला लागून राही. अशा एका दिवशी खडकाच्या कपारीपाशी वीतभरही लांबी नसलेल्या, राखी-काळसर, अगदी सामान्य दिसणाऱ्या माशांची एक जोडी दिसली, आणि तिच्याभोवती पिलांचा थवा! पिले मधूनच आईबापांच्या अंगाला तोंड लावून तेथील श्लेष्म टिपीत होती. प्रवाळावरील बहुतेक माशांची पिले अंड्यातून निघताच प्रवाहाबरोबर खुल्या समुद्रात जातात आणि वाचतील तेवढीच एखाद्या प्रवाळावर येऊन वसतात. ॲकँथोक्रोमिस नावाचा हा मासा मात्र पिलांना कित्येक आठवडे आपल्या पंखांखाली ठेवतो. म्हणूनच एखाद्या एकाकी प्रवाळावरून तो एकदा नाहीसा झाला, तर तेथे पुन्हा सहजासहजी येत नाही. त्या पाण्यात मी श्वास आवरून, आपली सावली त्यांच्यावर पडणार नाही अशा बेताने तरंगत राहिलो. ढिवराचे शिक्षण मला तेथे उपयोगी पडले.

आता निवृत्त होऊन मी नागपुरात राहतो आणि पावसाळ्यात आजोळच्या तलावावर जातो. पाळ तीच आहे, पण काठाला बेशरमीची झुडपे माजली आहेत. रोहू-कटल्याचे बीज सोडणाऱ्यांना मरळ ही बीज खाणारी वैरीण वाटते. आणि तिच्या थव्याच्या मधोमध गळ टाकला की रक्षणासाठी धावणारी मरळ हमखास लागते, हे हौशी गळकऱ्यांनाही ठाऊक झाले आहे. ती लागल्यावर मागे उरलेली पिले इतर मासे आणि बगळे बघता बघता संपवितात. वाचकहो, आषाढ-श्रावणात एखाद्या तलावावर तांबूस पिलांचा थवा खदखदताना दिसला, तर तेवढे दिवस तेथे गळ टाकू नका.