मिठाने खाल्लेला तळ

रत्नागिरीत वाढल्यामुळे खारी हवा लोखंडाचं काय करते, हे मी लहानपणापासून पाहत आले. खिडक्यांचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, गच्चीवरच्या टाकीचा स्टँड, सगळं दर वर्षी घासायचं, रेड ऑक्साइड लावायचं आणि वरून ऑइलपेंट मारायचा. नोकरीनिमित्त मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले, तेव्हा मात्र एका गोष्टीचा उलगडा होईना. इथून अटलांटिक महासागर शेकडो मैल दूर. जवळची सरोवरं अफाट आहेत, पण गोड्या पाण्याची. तरीही पार्किंगमधल्या दहा-बारा वर्षांच्या गाड्यांना मागच्या चाकांच्या वर तपकिरी भोकं पडलेली दिसायची आणि दाराखालचा पत्रा बोटाने तुटेल इतका कुरतडलेला असायचा. एवढं मीठ इथे येतं कुठून?

ते जमिनीखालून येतं. मी रोज आय-९४ महामार्गाने डिअरबॉर्नला कामाला जाते. तिथून जवळच, डेट्रॉइटच्या नैर्ऋत्य टोकाला, सुमारे साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे. चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी या भागात उथळ समुद्र होता. तो आटत गेला आणि त्याचं मीठ थराथराने खडकाखाली गाडलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणीचं काम सुरू झालं, आणि १९४०च्या सुमारास डेट्रॉइट हे रस्त्यांवर खनिज मीठ टाकणाऱ्या पहिल्या अमेरिकी शहरांपैकी एक झालं. आज अमेरिकेत दर वर्षी साधारण दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतं.

हे मीठ पडतं म्हणून माणसं जिवंत घरी पोचतात, हेही खरं आहे. पहाटे डांबरावर बर्फाचा इतका पातळ, पारदर्शक थर असतो की रस्ता नुसता ओला वाटतो. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि तो थर सुटतो. रस्ता उणे नऊ-दहा अंशांच्या खाली गेला की साधं मीठ मंदावतं, मग त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. ही दोन्ही हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतात. रस्ता कोरडा दिसू लागला तरी गाडीच्या तळाला चिकटलेला चिखल त्यामुळे ओलाच राहतो.

हे सगळं मला नंतर कळलं. सुरुवात झाली ती ऑइल बदलायला गेले तेव्हा. मी घेतलेली गाडी जुनीच होती, पण वरून चकचकीत. मेकॅनिकने ती लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावून टॉर्च दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका गाडीचा तळ पाहत होते. सगळीकडे विटकरी रंग. कुठे नुसती भुकटी, कुठे बोटाएवढे जाड पोपडे, कुठे बोल्टचं डोकं झिजून गोल झालेलं. सायलेन्सर, स्प्रिंग, नळ्या, चौकटी, यातलं काय म्हणजे काय हेच मला कळत नव्हतं, मग यातलं काय गंभीर हे कसं कळणार? मेकॅनिक भराभर बोलत होता: हे चालेल, याच्यावर लक्ष ठेवा, हे लवकर करा. मी मान हलवत होते आणि पोटात गोळा येत होता.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, खालून काळं रबरी कोटिंग मारून घे. दुसरी म्हणाली, ते अजिबात करू नकोस, दर वर्षी तेल मारायचं असतं. तिसऱ्याने गंजावर लावायच्या औषधाची बाटली सुचवली. एकाने तर सरळ सांगितलं, विकून टाक. रत्नागिरीहून बाबा फोनवर म्हणाले, "अगं, अँटीरस्ट मार ना! मामाने पुण्यात नवी गाडी घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यातच मारून घेतलं होतं." प्रत्येकजण खात्रीने बोलत होता आणि प्रत्येकाचं दुसऱ्याच्या उलट होतं.

मला यातून बाहेर काढलं ते शेजारच्या काकांनी. मूळचे नाशिकचे, उभी हयात इथल्या मोटार उद्योगात गेलेली, आता निवृत्त. त्यांनी कोणतंही औषध सुचवलं नाही. म्हणाले, "आधी खाली शिर आणि प्रत्येक भागाला विचार, तू काय धरून ठेवतोस? मग गंजाचं बघू."

पण खाली शिरण्याआधी त्यांनी मला बराच वेळ फक्त गाडी उचलायला शिकवलं. सपाट काँक्रीट हवं, चाकांना उटी हवी, आणि जॅकने उचललेली गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय हातसुद्धा आत घालायचा नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. तो घसरला किंवा त्याचं तेल सुटलं तर गाडी सरळ अंगावर येते. गंजलेल्या गाडीत आणखी एक धोका असतो. जॅक लावायची जागाच कुजलेली असेल, तर वजन पडताच पत्रा आत चेपतो. म्हणून त्या जागा आधी ठोकून पाहायच्या. डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क. वरून पडणारी गंजाची कणी डोळ्यात गेली तर ती बुबुळात रुतते.

मग त्यांनी मला हातोडीने हलकेच ठोकायला लावलं. "आवाज ऐक. धड लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं." भद्द वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहायचं. अशा तऱ्हेने मला तीन प्रकार ओळखता येऊ लागले. पहिला वरवरचा गंज. घासला की खाली घट्ट धातू लागतो. दुसरा पोपड्यांचा, तो काढल्यावर भागाची जाडी कमी झालेली दिसते. तिसरा आरपार गेलेला.

पोपडे का सुटतात, हे कळल्यावर माझा बराच गोंधळ मिटला. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मीठ पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं आणि ही क्रिया कित्येक पटींनी भराभर चालू लागते. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, रंग उचलतो आणि सुटून येतो. ॲल्युमिनियमवरचा थर आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, तो खारं पाणी धरून ठेवतो आणि आतपर्यंत पोचवतो.

आता काळ्या रबरी कोटिंगबद्दलचं भांडण मला समजलं. बाबा म्हणत होते ते नव्या, स्वच्छ, कोरड्या पत्र्यासाठी बरोबर होतं. माझ्या गाडीच्या गंजावर ते मारलं असतं, तर ओल आणि मीठ आत कोंडलं गेलं असतं. शिवाय असं कोटिंग थंडीत कडक होऊन तडकतं. त्या फटीतून पाणी शिरतं आणि वरून सगळं काळंभोर, छान दिसत असताना आत पत्रा संपत जातो. खाली नुकतंच काळं केलेली जुनी गाडी विकायला आली, तर इथले जाणकार म्हणूनच सावध होतात.

मग आम्ही काकांच्या प्रश्नाप्रमाणे एकेक भाग घेतला. सायलेन्सरवरचं पत्र्याचं आवरण गंजून खडखडत होतं; ते काही धरून ठेवत नाही, आवाज करतं इतकंच. स्प्रिंगांवर आणि मागच्या चाकांच्या चौकटीवर वरवरचा गंज होता. चौकट मजबूत वाजली. दारांखाली लांबीभर जी पत्र्याची बंद पेटी असते, तिला इथे रॉकर पॅनल म्हणतात. मला ती शोभेची पट्टी वाटेल अशीच दिसते, पण आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसी नसते, अशा पेट्याच गाडीचा भार वाहतात. तिच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी भोकं असतात. माझ्या गाडीत ती चिखलाने बुजली होती आणि आत खारं पाणी साचून पत्रा आतून खाल्ला जात होता. तारेने भोकं मोकळी केली तेव्हा तपकिरी पाण्याची धार लागली. पेटी अजून आरपार गेली नव्हती. गेली असती, तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करणं एवढाच उपाय होता. फोम किंवा फायबर भरून वर रंग दिला की भोक झाकलं जातं, भार वाहायला तिथे काहीच नसतं.

आणि मग ब्रेकच्या नळ्या. पेन्सिलीपेक्षाही बारीक पोलादी नळ्या गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जातात. ज्या क्लिपांनी त्या धरलेल्या असतात, तिथे चिखल अडकतो आणि नेमकी तिथेच नळी कुजते. माझ्या गाडीत एका क्लिपजवळ नळी फुगून खवल्यांनी भरली होती. पेडल दाबलं की या नळीत जबरदस्त दाब येतो. आधुनिक गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा थोडाफार चालतो, पण पेडल खाली जातं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने एप्रिल २०१५मध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांना याच नळ्यांबद्दल सावध केलं होतं: तळ नियमित धुवा, नळ्या तपासून घ्या, गंजलेल्या दिसल्या तर बदला.

हे काम आम्ही स्वतः केलं नाही. काका ठाम होते, "ब्रेकवर हात बसवायचा नसतो." मेकॅनिकने पूर्ण लांबीच्या नव्या नळ्या टाकल्या, तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूच्या. त्या पोलादासारख्या गंजत नाहीत आणि हाताने वळवता येतात. खराब तुकडा तेवढा कापून मध्ये दाबून बसवायचा जोड टाकण्याचा स्वस्त उपाय कोणीतरी सुचवला होता. तसा जोड ब्रेकच्या दाबासाठी नसतोच.

बाकीचं मात्र मी माझ्या हातांनी केलं. उन्हाळ्याच्या शेवटी, गाडी पूर्ण कोरडी असताना, तारेच्या ब्रशने पोपडे काढले. उरलेल्या वरवरच्या गंजावर टॅनिक ॲसिड असलेलं रस्ट कन्व्हर्टर लावलं. थोड्या वेळाने विटकरी रंग निळसर काळा होत गेला आणि ते पाहताना मला एकदम आपली जुनी शाई आठवली. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून आपल्याकडे पोथ्यांसाठी काळी शाई करत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह यांच्या संयोगातूनच तो काळा रंग येतो. माझ्या गाडीखाली तीच रसायनक्रिया चालली होती. मात्र कन्व्हर्टर झिजलेली जाडी परत देत नाही आणि जाड पोपड्यांच्या आत पोचतही नाही. त्यावर रंगाचा थर लागतोच.

रंग वाळल्यावर तेलाची पाळी. मी लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं, फवारणीचं तेल निवडलं. ते कधी वाळत नाही, फटींतून पसरत जातं, सांध्यांत शिरतं आणि पाण्याला बाजूला ठेवतं. रॉकर पॅनलच्या आतही लांब नळीने ते फवारलं. ब्रेकच्या डिस्क, सायलेन्सर आणि त्यावरचे सेन्सर आधी झाकून घ्यावे लागतात. पेट्रोलियमचं तेल असेल तर रबरी बुशही जपावे लागतात, कारण त्याने रबर फुगतं. हिवाळाभर रस्त्यावरचं पाणी हे तेल थोडंथोडं धुऊन नेतं, म्हणून दर शरदात ते पुन्हा मारायचं. रत्नागिरीच्या गजांना दर वर्षी रंग लागतो, तसंच हे वर्षाचं काम आहे आणि मी ते तसंच स्वीकारलं आहे.

हिवाळ्यात पारा शून्याच्या वर गेला की तळ धुणाऱ्या कार वॉशमधून गाडी काढते, आणि वसंतात शेवटचं मीठ पडून गेल्यावर चाकांच्या वरच्या खाचा पाइपने स्वतः धुते. खारट बर्फाने माखलेली गाडी ऊबदार गॅरेजमध्ये ठेवणं मी टाळते. गोठलेल्या थंडीत गंजाची क्रिया मंद असते; उबेत बर्फ वितळतो, खारं पाणी सगळीकडे झिरपतं आणि ती क्रिया वेग घेते.

अजूनही मला पुष्कळ येत नाही. अडकलेला बोल्ट न तोडता कसा काढायचा, हे मी शिकते आहे. पण लिफ्टखाली उभं राहून आता भीती वाटत नाही, कारण कोणता भाग काय धरून ठेवतो हे मला कळतं. मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक मुदतीची सरकारी सुरक्षा तपासणी नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांसारखं इथे वर्षातून एकदा कोणी खाली वाकून पाहत नाही. ते पाहणं मालकावरच आहे, आणि ब्रेकची नळी फुटली तर समोर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचाही जीव त्यात असतो. म्हणून आपल्याकडून इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते: जुनी गाडी घेताना मैल, रंग, सीट हे सगळं नंतर बघा. आधी ती लिफ्टवर चढवायला सांगा, रॉकर पॅनल ठोकून बघा आणि ब्रेकच्या नळ्यांवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत टॉर्च फिरवा. विकणारा नाही म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.