मुन्नार : चहाच्या मळ्यात चार दिवस

एल.टी.सी.ची मुदत संपत आली होती. कारकुनाच्या नशिबात फिरण्याचा योग असा फायलीतूनच येतो. एरवी आम्ही नागपूर नाहीतर बुद्धगया गाठतो. या वेळी मुलांनी डोंगर पाहायचा हट्ट धरला आणि आमच्या आईने त्यात भर घातली, "जन्मभर चहा उकळला, त्याचं झाड काही पाहिलं नाही." म्हणून केरळातील इडुक्की जिल्ह्यातले मुन्नार ठरले.

कुर्ल्याच्या टर्मिनसवरून नेत्रावती एक्स्प्रेसने आम्ही पाच जण निघालो. दुसऱ्या दिवशी आलुवा स्टेशनला उतरून तिथून एस.टी. धरली. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे, पण पुढे घाट लागतो आणि गाडी वळणावळणाने चढते. धाकट्याला दोनदा उलटी झाली. जाणाऱ्यांनी लिंबू आणि स्वेटर दोन्ही हाताशी ठेवावे. मुन्नार पाच हजार फुटांवर आहे आणि डिसेंबरात आमच्या मुंबईकर हाडांना तिथली थंडी चांगलीच जाणवली.

मुन्नार म्हणजे तीन नद्या. मुदिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला यांचा तिथे संगम होतो. गाव तसे लहानच. बाजारात पावलोपावली 'घरगुती चॉकलेट'ची दुकाने आहेत. इतकी चॉकलेटे कोणाच्या घरात होतात, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. गावाबाहेर पडले की मात्र नजर पोहोचेल तिथपर्यंत मळेच मळे. सकाळी धुके उठते तेव्हा डोंगराला कोणी कंगवा फिरवावा तशा चहाच्या ओळी दिसू लागतात.

आईला झाड पाहायचे होते, पण तिथे कमरेएवढी झुडपे पाहून ती हिरमुसली. मग समजले की चहाचे मूळचे झाडच असते, मोकळे सोडले तर चांगले उंच वाढते. पाने खुडायला हाताशी यावीत म्हणून त्याला वर्षानुवर्षे छाटून बुटके ठेवतात. "म्हणजे वाढूच देत नाहीत," आई म्हणाली.

नल्लतण्णीच्या मळ्यात चहाचे संग्रहालय आहे. खुडलेली पाने आधी वाऱ्यावर कोमेजवतात, मग यंत्रात चिरडून, फाडून, त्यांची गोळी वळवतात, हवेत ठेवून रंग आणतात आणि गरम हवेने वाळवतात. आपल्या पातेल्यात पडते ती दाणेदार पावडर अशी तयार होते. जुने टाइपरायटर पाहून आमच्यातल्या कारकुनाला बरे वाटले. मुलांना मात्र रेल्वेचे जुने चाक आवडले. या डोंगरात एकेकाळी चहा वाहून नेणारी छोटी रेल्वे होती. १९२४ च्या महापुरात ती वाहून गेली, ती पुन्हा उभी राहिली नाही.

हा मुलूख १८७७ मध्ये पूंजारच्या राजघराण्याकडून मन्रो नावाच्या इंग्रजाने पट्ट्याने घेतला. पुढे जंगल तोडून मळे झाले. मजूर आणले डोंगरापलीकडच्या तमिळ जिल्ह्यांतून. कंगाणी नावाचे मुकादम उचल देऊन गावोगावची कुटुंबे वर आणत. त्यात बहुसंख्य दलित होते. दुष्काळ आणि गावकीचा जाच मागे टाकून ही माणसे आली, आणि आज त्यांची चौथी-पाचवी पिढी इथे आहे. म्हणूनच केरळात असूनही मळ्यात कानावर पडते ती तमिळ.

आमचा रिक्षावाला अशाच घरातला. धारावीत मामाकडे सहा वर्षे राहून आलेला, त्यामुळे बंबईया हिंदी फर्डी. आईला तो 'अम्मा' म्हणू लागला आणि आमची भाषेची अडचणच मिटली. रस्त्याच्या कडेला बायका पाने काढत होत्या. हाताने खुडणे आता कमी झाले आहे, डबा बसवलेल्या मोठ्या कात्रीने पाने कापतात. आमच्या मुलीने मोबाइल वर केला, तशी एका बाईने मान फिरवली. रिक्षावाला हळूच म्हणाला, "दिवसभर सगळे फोटोच काढतात, बेटा. आधी विचार." मुलीने मोबाइल पर्समध्ये टाकला. जेवणाच्या सुट्टीत त्याच बाईने आम्हाला हाक मारली. ती रिक्षावाल्याची मावशी निघाली.

तिच्यामागून आम्ही लाइनीत गेलो. लाइन म्हणजे एकाला एक लागलेल्या खोल्यांची रांग. पुढे ओटा, ओट्यावर सरपण, डब्यांत लावलेली फुलझाडे. एक खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. आई उंबऱ्यात थबकली. "ही तर आपली चाळ," ती म्हणाली. आमचे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप झाला तेव्हा आम्ही मांडीवर होतो. पुढची सगळी वर्षे आईने चाळीच्या खोलीत पापड लाटून काढली.

दोघी बोलू लागल्या, मध्ये रिक्षावाला. गोष्ट निघाली २०१५ ची. त्या सप्टेंबरात मळ्याने बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला. रोजी होती २३२ रुपये, आणि तेवढ्यासाठी निदान २१ किलो पाला काढावा लागे. बायका उठल्या. हजारोंनी रस्ता अडवून बसल्या. युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ फिरकू दिले नाही. आमच्या नावाने तुम्हीच वाटाघाटी करता आणि तुम्हीच पोट भरता, हा त्यांचा राग होता. 'पेंबिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट, असे नाव पडले. नऊ दिवसांनी बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून वीस टक्के पदरात पडले आणि ऑक्टोबरात रोजी ३०१ झाली. त्या वर्षीच्या पंचायत निवडणुकीत त्यांच्यातल्या काही जणी निवडूनही आल्या. पुढे त्यांच्यात फूट पडली, हेही मावशीने लपवले नाही. सामाजिक कामात आमची वीस वर्षे गेली आहेत. फुटीचे ऐकून आम्हाला नवल वाटले नाही, पण नऊ दिवस पुढाऱ्यांना बाजूला ठेवणे आमच्या वस्तीत आजवर कोणाला जमलेले नाही.

मग आईने विचारले, "खोली तुमच्या नावावर आहे का?"

खोली मळ्याची. काम आहे तोवर राहायचे, निवृत्त झाले की सोडायची. ती टिकवायची तर घरातल्या एखाद्या मुलाने नाहीतर सुनेने मळ्यात कामाला लागायचे. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमची गिरणी गेली, पण भाड्याची पावती आमच्या नावाची होती. खोली कोणी काढून घेतली नाही." रिक्षावाल्याने याचे तमिळ केले. मावशीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी इरविकुलम राष्ट्रीय उद्यान पाहिले. राजमलैपर्यंत उद्यानाच्या बसने जातात. नीलगिरी ताहर नावाच्या रानबकऱ्या अगदी रस्त्याजवळ चरत होत्या. समोर आनमुडी, २,६९५ मीटर, हिमालयाच्या दक्षिणेला याहून उंच शिखर नाही. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी याच डोंगरावर २०१८ मध्ये फुलली होती, पुढचा बहर २०३० ला. मुलांनी तेव्हाचे आपले वय लगेच मोजले.

याच रस्त्याने पुढे पेट्टिमुडी लागते. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुसळधार पावसात तिथला डोंगर खचला आणि झोपलेल्या कामगारांच्या लाइनी गाडल्या गेल्या. सत्तर माणसे गेली. वीज नाही, फोन नाही, त्यामुळे बाहेर बातमी कळायला सकाळ उजाडली. रिक्षावाल्याने त्या बाजूला नुसता हात केला. त्याची दोन शाळासोबती त्यात होती. आम्ही पुढे गेलो नाही.

निघण्याच्या दिवशी आईने बाजारात अर्धा किलो पावडर घेतली, निम्मी आमच्या महिला मंडळासाठी. मावशीच्या ओट्यावर निरोपाचा काळा चहा झाला. तिची थोरली मुलगी कोईमतूरला नर्सिंग शिकते आहे, तिचा फोटो आम्हाला दाखवला. मावशीची निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे.

परतीच्या गाडीत रत्नागिरी मागे पडली तरी आई जागीच होती. तिने आम्हाला हलवून विचारले, "अरे, ती पोरगी नर्स झाली तर मळ्यात कामाला कोण लागणार? आणि मग त्या बाईने जायचे कुठे?"