बोलणाऱ्या घंटांचें गांव

प्रवासास निघालेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात : कोठें जाणार, आणि तेथें पाहण्यासारखें काय आहे? ब्राझीलला जाण्याचें आमचें ठरलें तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें वाटलें होतें; कारण रिओचें नांव पोरासोरांनाही ठाऊक असतें. परंतु 'आम्ही सांव जुआंव देल-रे या गांवीं जाणार आहों' असें सांगतांच ऐकणाराचा चेहरा कोरा होई. फार काय, बेलो होरिझोन्त या मोठ्या शहरीं नोकरीस असलेला आमचा पुतण्यादेखील म्हणाला, "काका, त्यापेक्षां ओरू प्रेतूला चला. सगळे लोक तेथेंच जातात." सगळे जेथें जातात तेथें आपण एक गेलों न गेलों सारखेंच, असें मनाशीं म्हणून आम्हीं आपला हेका सोडला नाहीं. त्या हेक्याचें खरें कारण मात्र आम्हीं त्याला सांगितलें नव्हतें. तें वाचकांस पुढें सांगूं.

हें गांव मिनास जेराइस या प्रांतांत आहे. 'मिनास' म्हणजे खाणी. प्रांताचें नांवच खाणींवरून पडलेलें. बेलो होरिझोन्तहून दक्षिणेस निघालेली बस लाल मातीच्या टेकड्या चढत-उतरत, दोनशें किलोमीटरांहून कांहींसें कमी अंतर तोडून, तेथें पोंचते. सतराव्या शतकाच्या अखेरीस या मुलखांत सोनें सांपडलें आणि माणसांची एकच झुंबड उडाली. आधीं आलेले आणि मागून आलेले यांच्यांत 1707 ते 1709 पर्यंत लढाया जुंपल्या. जवळून वाहणाऱ्या नदीचें नांव 'रिओ दास मोर्तिस', म्हणजे मृत्यूंची नदी! 1713 सालीं या वस्तीस गांवाचा दर्जा मिळाला, तेव्हां पोर्तुगालच्या गादीवर पांचवा जुआंव राजा होता. त्याच्या मानार्थ गांवाला हें नांव दिलें. संताचें नांव आणि राजाचा मान, दोन्ही एका शब्दांत साधले.

या नांवाची आम्हांस एरवीही ओळख होती. गोमंतकांत 24 जूनला सांजांवचा सण होतो आणि फुलांचे मुकुट घातलेले तरुण विहिरींत उड्या घेतात. तो सांजांव आणि हा सांव जुआंव एकच. पोर्तुगीज गलबतांनीं एक नांव पृथ्वीच्या दोन टोकांस नेऊन ठेविलें. आणि नांवाबरोबर काय काय नेलें-आणलें, त्याची तर गणतीच नाहीं. काजू, अननस, पपई हीं त्या खंडांतून आमच्याकडे आलीं. आंबा आणि फणस आमच्याकडून तिकडे गेले. ज्या घरीं आम्ही उतरलों त्या घरच्या वृद्ध बाईंनीं खोलीची किल्ली हातावर ठेवून "शावी" असें म्हटलें, तेव्हां आम्हीं पुतण्याच्या दुभाषीपणाची वाट पाहिली नाहीं. 'चावी' म्हणून आम्हींही मान डोलावली. बाईंना वाटलें, पाहुण्याला पोर्तुगीज येतें. त्यांचा हा गैरसमज फार वेळ टिकला नाहीं.

गांवाच्या पाठीशीं लेन्येरूची डोंगररांग आहे : काळपट, उघड्या खडकांची, आमच्या सह्याद्रीपेक्षां बुटकी पण तितकीच रांगडी. त्याच नांवाचा एक ओढा गांवाच्या मधून वाहतो आणि त्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीचे दगडी कमानींचे पूल आहेत. ओढ्याच्या दोहों बाजूंस अरुंद, फरसबंदी गल्ल्या. पांढऱ्या भिंती, निळीं-पिंवळीं दारें. आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक चर्च. सांव फ्रांसिस्कूचें चर्च 1774 सालीं बांधावयास घेतलें. त्याच्या रचनेचें श्रेय ज्याला देतात तो आंतोनियू फ्रांसिस्कू लिस्बोआ एका पोर्तुगीज स्थपतीचा, गुलाम स्त्रीच्या पोटीं झालेला मुलगा होता. रोगानें त्याचे हातपाय झडत गेले, म्हणून लोक त्यास 'आलेइजादिन्यू' म्हणूं लागले. आपल्या भाषेंत म्हणजे 'पांगळोबा'. पण त्या हातांनीं कोरलेल्या दगडांपुढें आज धडधाकट माणसें तोंडांत बोट घालून उभीं राहतात.

येथून तिरादेंतिस या गांवास आगगाडीनें जातां येतें. अंतर 12 किलोमीटर, रूळांतलें अंतर 76 सेंटिमीटर, इंजिन वाफेचें. 1881 सालीं हा मार्ग सुरू झाला तेव्हां बादशहा दुसरा पेद्रू स्वतः हजर होता. आमच्या बार्शी लाइट रेल्वेचें मापही हेंच होतें, आणि लहानपणीं त्या गाडीनें केलेला पंढरपूरचा प्रवास आम्हांस येथें अचानक आठवला. बार्शीचा मार्ग आतां रुंद झाला. ही गाडी मात्र अजून धूर सोडीत, शिटी देत, सांव जुझे डोंगराच्या उभ्या कड्याकडे पाहत जाते. ज्याच्या नांवानें तें गांव ओळखलें जातें तो तिरादेंतिस म्हणजे 'दांत काढणारा'. दांतांचा धंदा करणाऱ्या त्या सैनिकानें पोर्तुगालच्या सत्तेविरुद्ध कट केला आणि 21 एप्रिल 1792 रोजीं रिओस फांशी गेला. 1889 सालीं प्रजासत्ताक आलें, तेव्हां त्या गांवानें राजनिष्ठ जुनें नांव टाकून फांशी गेलेल्याचें नांव घेतलें.

हें सर्व पाहण्यासारखें खरें. पण आम्ही आलों होतों तें ऐकण्याकरितां. आतां तें कारण सांगतों.

पुण्यास आम्ही ज्या इमारतींत राहतों तेथें आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ व त्यांच्या पत्नी राहत. गृहस्थ काठी टेकीत चालत. पहांटे पांच वाजतां ती काठी आमच्या छतावर टक-टक करूं लागे आणि आमची झोंप मोडे. त्याविषयीं आम्हीं घरांत कुरकुरही केलेली आहे. गेल्या पावसाळ्यांत एका सकाळीं दूधवाला सहज म्हणाला, "वरचे आजोबा गेले हो, चार दिवस झाले." चार दिवस! आमची झोंप चार दिवस मोडली नव्हती, आणि ती कां मोडली नाहीं हें विचारण्याचेंही आम्हांस सुचलें नव्हतें. इतक्या उशिरा कोणत्या तोंडानें जावें, या लाजेपायीं आम्ही वर गेलोंच नाहीं. पुढें कोठेंसें वाचनांत आलें कीं, ब्राझीलमध्यें एका गांवांत कोणी गेलें तर घंटा तें गांवाला सांगतात, आणि गांवास ती भाषा समजते. तें गांव पाहिल्यावांचून आम्हांस चैन पडेना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही न्याहारीस बसलों होतों. बाईंनीं पनीराचे गरम पाव पुढें ठेविले होते. इतक्यांत ओढ्यापलीकडून एक घंटा वाजली : जड, सावकाश, दोन ठोक्यांमध्यें लांब श्वास घेणारी. बाई हातांतलें भांडें तसेंच धरून थांबल्या. त्यांचे ओंठ हलत होते. त्या मोजीत होत्या. मग क्रूसाची खूण करून त्या कांहीं बोलल्या. पुतण्यानें सांगितलें, "कोणी बाई गेली म्हणतात. कोणत्या चर्चच्या मंडळांतली, तेंही त्यांना कळलें. आतां नांव शेजारणीकडे समजेल." आणि खरेंच, पांच मिनिटांनीं समोरची खिडकी उघडली, या खिडकींतून त्या खिडकींत दोन वाक्यें गेलीं, आणि बाई काळी शाल शोधूं लागल्या. गेलेली स्त्री त्यांची नातलग नव्हती, मैत्रीणही नव्हती. परंतु गांवांतली होती.

दुपारीं आम्ही चौकांत उभे राहून घंटा वाजवितांना पाहिलें. कांहीं वेळां घंटा स्थिर ठेवून नुसती लोळीच दोरीनें जलद हलवितात. कांहीं वेळां सबंध घंटा उलथी करून गरगर फिरवितात आणि तिचें तोंड आभाळाकडे होऊन पुन्हां खालीं येतें. ही विद्या कागदावर फारशी नाहीं. पोरें मनोऱ्यांत थोरांच्या पायांशीं बसून ती कानांनीं शिकतात. 'तेंकांव', 'तेरेंतेना' अशीं कांहीं ठेक्यांचीं नांवें त्यांच्या आवाजावरूनच पडलीं आहेत. आमच्या तबल्याच्या बोलांसारखीच ही तऱ्हा. 2009 सालीं ब्राझीलच्या सरकारनें मिनासच्या नऊ गांवांतील ही घंटावादनाची कला राष्ट्राचा वारसा म्हणून नोंदली, त्यांत हें गांव मुख्य. संगीताच्या बाबतींतही येथील निष्ठा अशीच. 1776 सालीं सुरू झालेलें एक वाद्यवृंद-मंडळ अद्याप चर्चमध्यें वाजवीत आहे. सोनें केव्हांच संपलें. वाजविणें संपलें नाहीं.

पण या घंटांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तें सोनें काढलें कोणीं? आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांनीं. ब्राझीलमध्यें गुलामगिरी 13 मे 1888 पर्यंत कायद्यानें चालू होती. वेदीवरील सोन्याकडे पाहतांना त्या उघड्या पाठी डोळ्यांपुढें येतात आणि सौंदर्याचा घांस घशांत अडकतो. गुलामांना आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांना स्वतःचीं धर्ममंडळें काढण्याची मुभा होती. रोझारिओचें चर्च त्यांचें. मंडळाची वर्गणी भरणारास काय मिळे? मेल्यावर नीट मूठमाती आणि आत्म्यासाठीं प्रार्थना. ज्याच्या जगण्याचा हिशेब कोणी पैशांपलीकडे ठेवीत नव्हता, त्यानें पैपैसा सांठवून आपल्या मरणाची दखल विकत घेतली! घंटेचा एक ठोका म्हणजे काय चीज आहे, हें त्या माणसाइतकें कोणास कळलें असेल?

आणि त्याच मनोऱ्यांनीं मोठ्यांची वार्ताही सांगितली आहे. तांक्रेदू नेविस याच गांवचा, जन्म 1910 चा. एकवीस वर्षांच्या लष्करी अमलानंतर 15 जानेवारी 1985 रोजीं तो राष्ट्राध्यक्ष निवडला गेला. पण शपथविधीच्या आदल्या दिवशीं आजारी पडला आणि 21 एप्रिलला, तिरादेंतिसच्याच पुण्यतिथीस, वारला. सांव फ्रांसिस्कूच्या मागच्या दफनभूमींत त्याची समाधि आहे. तेथें उभे असतां आमच्या मनांत आलें : देश रडला तो एकदां, पण त्या सकाळच्या अनोळखी बाईसाठीं गांव थांबलें, तें रोजचें आहे.

घंटांवरून मन वसईकडे गेलें. 1739 सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि तेथील चर्चांच्या घंटा मराठी मुलखांत आल्या. नाशकास नारोशंकराच्या देवळांत, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही टांगलेल्या आहेत. प्रथम आम्हांस वाटलें, विजयाची खूण म्हणून आणलेल्या या घंटांचा आवाज तेवढा राहिला आणि भाषा गेली. वसईस त्यांनीं कोणाचीं लग्नें, कोणाचीं मरणें सांगितलीं असतील. इकडे येतां-जातां भाविक एक टोल देतो आणि पुढें जातो. पण मग जुन्या नाशिककरांचें बोलणें आठवलें. गोदावरी चढूं लागली म्हणजे ते विचारतात, 'नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलें का?' लागलें तर महापूर. म्हणजे परक्या ओतीव कांस्याला नाशकानें आपली भाषा शिकविली होती! त्या दिवशीं आम्हांस पटलें कीं, घंटेची भाषा धातूंत नसते. ती ऐकणारांच्या एकमेकांविषयींच्या काळजींत असते. जेथें ती काळजी आहे तेथें लुटून आणलेली घंटाही बोलते. जेथें नाहीं तेथें डोक्यावरची काठी थांबली तरी ऐकूं येत नाहीं.

निघतांना आम्हीं बाईंना चावी परत केली. पुतण्यानें विचारलें, "काका, मग ओरू प्रेतू राहिलें तर?" आम्हीं म्हटलें, "राहूं दे. आमचें एक काम राहिलें आहे तें पुण्यास आहे."

घरीं आल्यावर पहिल्याच संध्याकाळीं आम्ही एक जिना चढून वर गेलों आणि दार वाजविलें. दार उघडावयास वेळ लागला. आंतून टक-टक असा ओळखीचा आवाज येत होता. काठी आतां आजी वापरीत होत्या. त्यांनीं आम्हांस बसावयास सांगितलें. येण्यास आम्हांस कित्येक महिन्यांचा उशीर झाला होता. पण त्यांनीं त्याविषयीं शब्द काढला नाहीं, नुसता चहा ठेविला.